कनवटी

दुकानदार म्हणाला, ‘रनिंग बेल्ट, बेन, लेटेस्ट छे.’
मी पैसे मोजले आणि मनात म्हटलं, कनवटी.
लुगड्याची गाठ गेली, इलॅस्टिक आलं, चेन आली,
पण हरवून चालणार नाही ते कुठे खोचायचं
हे कमरेला अजून माहीत आहे.
कंबर कसणं शाळेत वाक्यात उपयोग करून झालं होतं,
प्रत्यक्षात बावन्नाव्या वर्षी.

पहिल्या रविवारी नुसत्या उड्या.
किल्ली बेंबीवर टकटक करत राहिली,
आत कुणी आहे का, विचारल्यासारखी.
आता जमलंय. पाऊच पाठीमागे,
पट्टा एक घर घट्ट, किल्ली रुमालात गुंडाळून,
बिया काढलेले दोन खजूर,
सेव-उसळीच्या गाडीवरून मागून आणलेली मिठाची पुडी,
शंभराची नोट, आठ घड्या,
गांधीजींचा चष्मा नेमका घडीत.

आणि चिठ्ठी.
वासंती खोपकर. बी पॉझिटिव्ह. संपर्क:
इथे पेन पाऊण तास थांबलं होतं.
शेवटी पुण्याच्या भावाचा नंबर घातला.
तो रविवारी नऊच्या आत उठत नाही,
आणि उठतो तोही पाचशे किलोमीटर लांब.

पावणेपाचला दांडिया बाजार.
पुलाखाली विश्वामित्री, काळी, गप्प.
मगरी जाग्या आहेत का, हे बडोदेकर वाकून बघत नाही.
गोत्रीच्या नाक्यावर जैमिनी येऊन मिळते.
तीन वर्षं झाली, आडनाव माहीत नव्हतं.
माहीत होती डाव्या टाचेची चिकटपट्टी,
श्वास सोडताना नाकात वाजणारी बारीक शिट्टी.
ती गुजराती बोलते, मी मराठी.
पंधरा किलोमीटरनंतर दोन्ही भाषांत फक्त ‘हं’ उरतो.

सिंधरोटहून परतताना, बाविसाव्याला,
ती बोलता बोलता खाली बसली.
खरं तर रस्त्यानेच तिला बसवलं.
ओठ पांढरे. डोळे माझ्याकडे,
पण मी त्यांत नव्हते.
खजूर दिला, चघळवेना. चुरडून पुन्हा दिला.
मग तिचा पट्टा उघडला.
दुसऱ्या बाईच्या कमरेची चेन ओढताना
एवढ्या घाईतही बोटं लाजली.
आत स्कूटरची किल्ली, काढून ठेवलेल्या दोन बांगड्या,
एक लवंग,
प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी.
जैमिनी रतिलाल वाघेला. ओ पॉझिटिव्ह.
मी खालचा नंबर दाबत गेले.
सात, आठ, नऊ आकडे. दहावा.
फोन लागेना.
स्वतःला फोन लावला की लागत नाही.
नंबराखाली तिच्या गोल अक्षरात:
दर रविवारे साथे होय छे.

दुधाचा टेम्पो थांबला. सेवासीला उसाचा रस,
त्यात माझी मिठाची पुडी.
दुसऱ्या ग्लासानंतर तिने रस्त्याला, उन्हाला
आणि नव्या बुटांना शिव्या दिल्या,
मग मी हसले.
का माझा नंबर, हे मी विचारलं नाही.
घरी फोन उचलायला कोण आहे, हे तिने सांगितलं नाही.
बांगड्या मात्र माझ्यासमोरच हातात चढवल्या.

संध्याकाळी पट्टा धुतला.
दोरीवर वाळला तेव्हा त्यावर मिठाच्या रेषा,
भरती ओसरल्यासारख्या.
माझी चिठ्ठी घामाने केव्हाच खाल्ली होती.
भावाचे पहिले दोन आकडे उरले होते,
पुढे नुसता निळा ढग.
म्हणजे किती रविवार मी कुणाचीच नव्हते,
आणि धावत होते, मजेत.

नवी चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहिली.
घामाला शाई विरघळवता येते, शिसं येत नाही.
तिचा नंबर पाठ नव्हता, फोनमध्ये बघावा लागला.
आकडे मोठे काढले,
दोन आकड्यांत जागा सोडून.
घाईत वाचायचे आहेत कुणाला तरी,
चष्म्याशिवाय, भर उन्हात.